औटकीची सातवी ओळ

साडेतीनच्या पाढ्याला आमच्या वेळी औटकी म्हणत. आता ती कुणी शिकवत नाही. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, अशी ती दहा औट पस्तीसपर्यंत जायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि मग ही. पोरांची सगळ्यांत नावडती. तिची सातवी ओळ, सात औट साडेचोवीस. हे आधीच लिहून ठेवते, कारण मला जे सांगायचं आहे ते या एका ओळीभोवतीचं आहे.

माझी आई अलीकडेच गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. औटकी मात्र पुरी येत होती. फक्त सातव्या ओळीला ती साडेतेवीस म्हणायची, कारण माझा थोरला भाऊ साडेतेवीस म्हणायचा. त्याचा फोटो आमच्या घरात नव्हता. पलटणीत गेल्यावर त्यानं काढला असेल, पण तो आमच्यापर्यंत आला नाही. आईजवळ त्याचं म्हणून जे राहिलं, ते हे एवढंच होतं, आणि ते चुकीचं होतं.

आमचं गाव विट्याहून औंधाकडे जाणाऱ्या वाटेवर, थोडं आत. तेव्हा तो सगळा भाग सातारा जिल्ह्यातच मोडायचा. पाऊस बेताचा. विहिरीच्या पाण्यावर थोडा ऊस, बाकी जोंधळा आणि भुईमूग. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, चौदा सालच्या लढाईत पलटणीत होते आणि पेन्शन घेऊन शेतीला लागले होते. दादा मराठी सातवी होऊन घरी होता. मोट तोच हाकायचा.

मोट आता पाहायला मिळत नाही म्हणून सांगते. कातड्याची मोठी बादली दोरानं विहिरीत सोडायची. दुसऱ्या टोकाला बैल. विहिरीपासून उताराची वाट केलेली असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत गेले की मोट भरून वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रिती होते. मग बैलांना मागं रेटत आणायचं आणि पुन्हा तेच, सकाळपासून ऊन चढेपर्यंत. मोट हाकणारे गाणी म्हणतात, कारण बैलांना आवाज लागतो. आवाज थांबला की बैल थांबतात. दादाला गाणी येत नव्हती. तो पाढे म्हणायचा.

बैल उताराला लागले की तो औटकी धरायचा. बैलांच्या पावलांना ती बरोबर बसते असं त्याचं म्हणणं होतं. सातव्या ओळीशी मोट वर यायची. पाणी धबाधबा थारोळ्यात पडायचं, दोर आवरायला लागायचा, आणि त्या गडबडीत दादा साडेतेवीस म्हणून पुढं जायचा. आठ औट अठ्ठावीस त्याचं पुन्हा बरोबर यायचं. आई खाली उसात पाण्याची दारं धरायला असायची, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला. वरून येणारा आवाज ती रोज ऐकायची. पाण्याच्या आधी आवाज यायचा. तिथंच तिला औटकी पाठ झाली.

घरी गणितं दादाच मला घालायचा. शाळेतून आले की मी पाटी घेऊन जोत्यावर बसायची. अंकगणिताचं पुस्तक त्याचंच जुनं होतं आणि त्याच्या मागची उत्तरांची पानं गेली होती. तेव्हा उत्तर बरोबर की चूक, हे तोच सांगायचा. बैलांपुढं वैरण टाकता टाकता विचारायचा, "किती आलं?"

मी सांगायची.

"पडताळा घेतलास का?"

"घेतला."

"खोटं बोलू नगंस. पडताळा घेतलेलं तोंड आसं नसतंय."

तो आबांबरोबर भरतीला गेला तेव्हा मी पाचवीत होते. भरती साताऱ्याला होती. जाताना आबांना तो एवढंच म्हणाला, "हिची फायनल हुईस्तोवर हिला उजवायची न्हाई." सातवीच्या सरकारी परीक्षेला तेव्हा फायनल म्हणत. ती झाली की मास्तरीण होता येई, म्हणून तोवर माझं लग्न नको. आबा "बरं" म्हणाले. शेजारच्या काकू बांधावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंग काय, पोरगी दिपोटी हुनार म्हना की. आमच्या म्हशी तपासाया येशील न्हवं गं?" शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला सगळे दिपोटी म्हणत. दादा हसला. त्याचं शेवटचं हसणं कोणतं ते मला आठवत नाही. हे असेल.

तार आली ती दिवाळी होऊन गेल्यावर. मी सातवीत होते. टपालवाल्यानं ती आबांच्या हातात दिली आणि तो तिथंच उभा राहिला. आबांनी कागद उलटसुलट पाहिला. मजकूर इंग्रजी होता. ते मला म्हणाले, "गुरुजींना बोलाव." गुरुजी आले. त्यांनी तार आधी मनाशी वाचली आणि मग मराठीत सांगितली. वर्गात गणित घालतानाही ते असंच करत. आधी स्वतःशी वाचत आणि मग एक एक शब्द सुटा करून आम्हांला सांगत. तोच आवाज होता. परदेशात, लढताना, कामी आला. आणखी एक वाक्य होतं, ते सरकारच्या दुःखाचं होतं.

त्या वेळी माझ्या पाटीवर एक गणित अर्धं झालेलं होतं. बारा माणसं एक विहीर वीस दिवसांत खणतात. पाच दिवसांनी चार माणसं निघून गेली. राहिलेलं काम राहिलेल्या माणसांना किती दिवस पुरेल. घरात बाया जमल्या. आईला कुणीतरी धरून बसवलं होतं. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी जोत्यावर गेले, पाटी घेतली आणि गणित पुरं केलं. साडेबावीस दिवस. मग पडताळा घेतला. बरोबर आला. रडू आलं नाही. पुढंही बरेच दिवस आलं नाही. निघून गेलेली चार माणसं कुठं गेली हे पुस्तकात दिलेलं नसतं, आणि गणिताला त्याची गरजही नसते.

देह नव्हता. भटजींनी दर्भाचा पुतळा करवला आणि त्यावर सगळे विधी झाले. सुतक संपलं. आबा मोटेवर जाऊ लागले. त्यांना गाणं यायचं नाही आणि पाढेही ते म्हणत नसत. ते नुसतं "हं, हं" करत. बैल उताराच्या मधेच थांबत, मान वळवून मागं बघत, आणि आबा पुन्हा "हं" म्हणत. उसाला पाणी उशिरा पोचायला लागलं. आई दारं धरून उभी असायची. पाणी आवाजाशिवाय यायचं.

मी शाळेत जाऊ लागले. गणितं करायला मला सोपं वाटायचं. बाकी काही करताना आता काय करायचं हा प्रश्न असायचा. गणितात तो नसतो, पहिल्या पायरीनंतर दुसरी येतेच. फक्त आता "किती आलं" असं विचारणारं कुणी नव्हतं. मी उत्तर काढायची, पडताळा घ्यायची आणि पाटी पुसून टाकायची.

एके दिवशी गुरुजी म्हणाले, "फायनलला औटकी लागते. घरी परवचाला म्हणतेस का?" परवचा म्हणजे दिवेलागणीला घराघरांतून पोरं मोठ्यानं पाढे म्हणत ते. मी अडीचकीवर थांबायची. औटकी दादाची होती. तो असताना मी ती म्हणत नसे आणि तो गेल्यावरही कुणी म्हटली नव्हती.

"नाही म्हणत," मी सांगितलं.

"आजपासून म्हण."

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मी अडीचकी संपवली आणि औटकी सुरू केली. आई चुलीपुढं पाठमोरी बसून भाकरी थापत होती. पहिल्याच ओळीला तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. सहा औट एकवीस झालं.

"सात औट साडेचोवीस," मी म्हटलं.

"चुकलीस."

मी थांबले.

"सात औट साडेतेवीस," आई म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "दादा काय म्हनायचा? पुन्यांदा म्हन."

"आई, गुरुजींनी..."

"गुरुजी काय मोटंवर हुते व्हय? म्या रोज आयकलंय. म्हन."

मी साडेतेवीस म्हटलं. आठ औट अठ्ठावीस म्हटलं. दहा औट पस्तीसला पोचले तेव्हा आई माझ्याबरोबर म्हणत होती, हळू आवाजात. तार आल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. इतका वेळ सलग तिचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

मग रोजच तसं होऊ लागलं. दिवेलागण झाली की आई सगळं काम हातावेगळं करून चुलीपाशी येऊन बसायची. सवायकी, दिडकी तिच्या कानांवरून जायच्या. औटकी आली की तिचे ओठ हलायचे. सातव्या ओळीला ती माझ्या आधी म्हणायची, जणू मी ती चुकीन अशी तिला धास्ती असायची.

आबा बाहेर दोर वळत बसायचे. एकदा ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "आगं, त्ये साडेचोवीसच हाय. पोरीची परिक्षा हाय. पलटणीत आमी..."

"तुमाला लय कळतंय पलटणीतलं," आई म्हणाली. "तुमीच न्हेलंसा त्येला भरतीला."

आबांनी दोर वळायला घेतला.

शाळेत माझी दोन गणितं त्या ओळीनं चुकली. एक कापडाचं होतं. एका सदऱ्याला साडेतीन वार कापड, तर सात सदऱ्यांना किती. पेन्सिल साडेतेवीसवर आपोआप गेली. रोज जे तोंडानं म्हणतो ते हात लिहितो. गुरुजींनी पाटी हातात घेतली.

"पाढे म्हणतेस ना घरी?"

"म्हणते."

"मग हे साडेतेवीस कुठून आणलंस?"

ते पाटीकडे बघत राहिले. दादाही त्यांच्याच हाताखाली शिकला होता. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तेवढाच आकडा पुसला, बाकीचं गणित तसंच ठेवलं, आणि पाटी परत दिली. "परीक्षेत असलं चालायचं नाही, बाळ," ते म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. पुढच्या मुलीची पाटी त्यांनी मागितली.

तेव्हापासून मी शाळेत जाताना वाटेनं साडेचोवीस म्हणायची आणि घरी साडेतेवीस. दोन्ही मला पाठ होती. कोणती केव्हा तोंडात येईल याचा मात्र भरवसा नव्हता. आईला सांगावं असं एकदोनदा मनात आलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझा मुलगा चुकत होता, असं. तिच्याकडचं ते एवढंच होतं आणि तेही बरोबर नव्हतं, असं. मी गप्प राहिले. त्या दिवसांत गप्प राहायला काही कष्ट पडत नसत.

माघात दिपोटी येणार म्हणून गुरुजींनी सगळ्या शाळेचा परवचा मारुतीच्या देवळात ठेवला. गाव ऐकायला आलं. काकूंनी आईलाही ओढून आणलं. दादा गेल्यापासून ती शेत सोडून कुठं गेली नव्हती. बायकांत मागं, खांबाला टेकून बसली. पोरांनी बे एके बेपासून सुरुवात केली. शेवटी औटकी आली. सगळ्या शाळेचा आवाज एक झाला होता. सात औटला सगळी पोरं साडेचोवीस म्हणाली. त्यांत मीही होते. देऊळ दुमदुमलं. मी आईकडे पाहिलं नाही.

घरी येताना काकू आमच्याबरोबर होत्या. वाटेत आई म्हणाली, "समदी चुकली गं पोरं."

"कुटं चुकली? घडाघडा म्हनली की," काकू म्हणाल्या.

"सात औटाला चुकली. येकजातीनं समदी चुकली. गुरुजींनीबी सोडलं."

"तुला गं काय कळतंय औटकीतलं? तू येक इसाच्या वर कवा मोजलंस तरी का?"

काकू खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्याकडच्या बायका विसांनी मोजत. शेणी असोत, कणसं असोत, भाकरी असोत. वीस झाले की एक खूण बाजूला, मग पुन्हा एकपासून. चोवीस, तेवीस हे शब्द आईच्या मोजण्यात कधी आलेच नव्हते. ती म्हणायची एक ईस आन् चार. औटकीतलं साडेतेवीस तिच्या लेखी मोजायचा आकडा नव्हता. तो पाण्याच्या आधी येणारा आवाज होता. आवाजाची बेरीज करून बघावी असं तिला कशाला वाटेल?

देवळातल्या त्या संध्याकाळनंतर मात्र तिच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं असावं. परवचाला ती पूर्वीसारखीच बसायची. सातवी ओळ म्हणायची. पण म्हणून झाल्यावर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहायची.

फाल्गुनात आम्ही बियाण्याच्या शेंगा फोडायला काढल्या. पेरणीला अवकाश असतो, पण शेंगा हातानं फोडाव्या लागतात, दाणा फुटू द्यायचा नसतो, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी हे काम निवांत चालतं. फुटला की त्याची डाळ होते आणि तो उगवत नाही. शाळेला सुट्टी होती. सोप्यात सावलीला आई शेंगा फोडत होती. मी समोर पाटी घेऊन बसले होते. पाटीवर हौदाचं गणित होतं, दोन नळ पाणी भरतात आणि एक सोडतो.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "साडेतीन म्हंजी तीन आन् अर्धा, न्हवं?"

"हो."

मी नळांकडे वळले. पुन्हा मान वर केली तेव्हा तिनं समोर सारवलेल्या जमिनीवर दाण्यांचे वाटे मांडले होते. एकेका वाट्यात तीन अख्खे दाणे आणि एक अर्धा. अर्धा करायला ती दाणा अंगठ्यानं दाबून त्याच्या दोन डाळी करत होती. बियाण्याचा दाणा ती जाणून फोडत होती. असे सात वाटे झाले. बोट ठेवून तिनं वाटे मोजले. मग अख्खे दाणे एकीकडं ओढले. एक ईस झाले, वर एक उरला. मग तिनं अर्ध्याला अर्धा लावायला घेतलं. दोन डाळी एकत्र धरून त्याचा एक दाणा. दुसरा. तिसरा. शेवटी एक डाळ हातात राहिली.

"येक ईस आन् चार," ती म्हणाली. "आन् ही अर्धी."

मी पेन्सिल खाली ठेवली.

तिनं सगळे दाणे पुन्हा एकत्र केले, पुन्हा वाटे घातले आणि पुन्हा मोजले. या वेळी हळू, प्रत्येक वाट्यावर हात ठेवून. तेच आलं. बाहेर बैल रवंथ करत होते. चोवीस म्हणजे एक ईस आन् चार, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"म्हंजी त्यो चुकत हुता व्हय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"रोज?"

"मोट वर यायची ना त्या वेळी. दोर धरायला लागायचा."

आई हातातल्या डाळीकडं बघत होती. मग तिनं चोविसांतला एक दाणा बोटानं उचलून बाजूला सारला आणि उरलेल्यांकडं पाहिलं.

"येक दाना त्यो खाऊन टाकायचा म्हन की," ती म्हणाली. "शेंगा म्हनलं की त्येला धीर कुटं हुता."

आम्ही दोघीही हसलो नाही. पण ती जे म्हणाली ते चेष्टेनं म्हणाली होती, हे मला कळलं. आबांनी बाहेरून आत पाहिलं आणि पुन्हा मान फिरवली.

अख्खे दाणे तिनं बियाण्याच्या सुपात टाकले. डाळी गोळा करून माझ्या तळहातावर ठेवल्या. "ह्या आता पेराया चालायच्या न्हाईत. खा." मी त्या खाल्ल्या. कच्च्या होत्या, त्यांना कसलीच चव नव्हती. तेव्हा मला कशालाच चव लागत नसे.

"परिक्षेत खरं असंल त्ये लिव," शेंगांची पाटी पुढं ओढत ती म्हणाली.

त्या दिवशी परवचाला मी औटकी धरली आणि सहा औट एकवीसपर्यंत आले. पुढं काय म्हणायचं ते ठरवलेलं नव्हतं. "सात औट," मी म्हटलं आणि तिथंच थांबले. चुलीत लाकूड पेटत होतं. आईनं भाकरी उलटली.

"साडेतेवीस," ती म्हणाली.

"आठ औट अठ्ठावीस," मी पुढं म्हटलं.

तेव्हापासून ती ओळ अशी झाली. सात औट मी म्हणायची, उत्तर तिनं द्यायचं, आठपासून पुन्हा मी. कुणी ठरवलं नाही आणि कुणी मोडलंही नाही. पाढ्यात एक सोय असते, एक ओळ चुकली तरी पुढची तिच्यामुळं चुकत नाही. प्रत्येक ओळ आपापल्या पायावर उभी असते. दादा सहाच्या पुढं एकानं मागं राहायचा आणि आठला सगळ्यांच्या बरोबर यायचा.

चैत्रात विट्याला परीक्षा झाली. आबा मला बैलगाडीनं घेऊन गेले आणि बाहेर झाडाखाली बसून राहिले. गणिताचा कागद लांबलचक होता. त्रैराशिक होतं, व्याज होतं, हौद आणि नळ होते. औटकी लागेल असं एकही गणित त्यात नव्हतं. मी तो दोनदा वाचून पाहिला. सगळी गणितं केली, सगळ्यांचे पडताळे घेतले आणि कागद देऊन बाहेर आले.

"कसा गेला?" आबांनी विचारलं.

"बरा गेला."

गाडी गावच्या वाटेला लागल्यावर ते म्हणाले, "सात औट आलं हुतं का?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बैलांना "हं" केलं.

मी पास झाले. आबांनी शब्द पाळला. पुढं ट्रेनिंगला साताऱ्याला गेले, मास्तरीण झाले, सांगलीकडच्या शाळांत नोकरी केली. तिथं पाटीपूजेचं गंध आणि रोजचा मळ एकत्र लागलेल्या पाट्यांवर मी पुष्कळ पोरींची साडेचोवीस तपासली. मग मीटर आले, नवे पैसे आले आणि औटकी पुस्तकातून गेली. कुणाला तिची उणीव भासली नाही. सुट्टीला घरी गेले की दिवेलागणीला आई म्हणायची, "म्हन." मी म्हणायची. सातवी ओळ आली की थांबायची आणि ती तिचं म्हणायची. आबा असेपर्यंत ऐकत असत. विहिरीवर इंजिन बसलं. मोट गोठ्यात टांगलेली होती, ती उंदरांनी खाल्ली. तरीही आम्ही औटकी म्हणत होतो. शेवटच्या दिवसांत आईला माझं नाव लवकर आठवायचं नाही. ही ओळ मात्र तिला आठवावी लागायचीच नाही.

परवा सुतक संपल्यावर मी दिवा लावला आणि चुलीच्या जागेसमोर बसले. आता तिथं स्टोव्ह आहे. पाढा सुरू केला. सहा औट एकवीस. सात औट. त्या जागी थांबले. साडेतेवीस मला येतं, साडेचोवीसही येतं. दोन्हींतलं एकही तोंडात आलं नाही. तेवढा वेळ जाऊ दिला आणि पुढं म्हटलं, आठ औट अठ्ठावीस. नऊ औट साडेएकतीस. दहा औट पस्तीस.